परदेशची कमाई आणि गावची सोसायटी

निवडणूक खर्चाच्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोखीचा हिशेब आणि पिवळ्यावर बँकेचा. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराने वेगळं बँक खातं उघडायचं, सगळा खर्च त्यातूनच करायचा आणि पूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा संस्थेला दहा हजारांवर रोख द्यायची नाही. प्रचार चालू असताना ही वही किमान तीनदा खर्च निरीक्षकांपुढे ठेवायची. निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेला नाही, तर आयोग त्या माणसाला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

मी नाशिकची सी.ए. माझं ऑफिस कॅनडा कॉर्नरजवळ आहे. सातपूर-अंबडचे लघुउद्योजक आणि द्राक्षाचे निर्यातदार यांची बारमाही कामं माझ्याकडे असतात. निवडणुका लागल्या की उमेदवारांच्या या वह्याही येतात. पक्ष कुठला हे मी विचारत नाही, बिलं रोजच्या रोज आणा एवढंच सांगते. पण वही लिहिता लिहिता माणूस कळत जातो. चहा कुणाच्या टपरीवरून आला, टेम्पो कुणाचा लावला, मंडपवाला गावातला की शहरातला, यावरून उमेदवाराचं गावाशी किती जमतं ते मला मतमोजणीच्या बरंच आधी दिसायला लागतं.

या कामात माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते परदेशात व्यवसाय उभा करून मायदेशी राजकारणात उतरू पाहणाऱ्या माणसांमध्ये. ही माणसं मला मनापासून हवीशी वाटतात. त्यांनी यावं, टिकावं असं वाटतं. म्हणूनच ती कुठे अडतात हे लिहून ठेवायला हवं.

ज्यांच्यामुळे हे लिहायला बसले त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. निफाड तालुक्यातलं शेतकरी घर. विशीत आखातात गेले, दुबईला एका फळ आयातदाराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या उचलायला लागले. पुढे स्वतःचा आयातीचा धंदा काढला. लासलगाव-पिंपळगावचा कांदा आणि आपल्याकडची द्राक्षं तिथल्या घाऊक बाजारात उतरवायची. मग गोदामं आली, शीतवाहनं आली, किराणा मालाची दुकानं आली. गावात तीन मजली बंगला झाला, पण त्यात राहायचे फक्त आई-वडील.

२०२३ हे वर्ष भाऊंना दोन्हीकडून लागलं. ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यात सरळ बंदच केली. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला. त्या पाच महिन्यांत दुबईतली त्यांची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांच्या कांद्याकडे वळली आणि इकडे त्यांचे चुलतभाऊ लासलगावच्या लिलावात पडेल त्या भावाने माल सोडत होते. व्यापाऱ्याचं आणि शेतकऱ्याचं नुकसान एकाच घरात, एकाच वेळी. जूनमध्ये लोकसभेचा निकाल आला. दिंडोरीत भास्कर भगरे या शिक्षकाने केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना लाखाहून जास्त मतांनी हरवलं. कांद्याने खासदार बदलला, असं जिल्हाभर बोललं गेलं. भाऊंनी तेव्हाच ठरवलं की विधानसभा लढवायची, अपक्ष लढवायची. मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, “ताई, कांद्यावर बोलणारा माणूस सभागृहात पाहिजे, आणि माझ्याइतका कांदा दोन्ही टोकांनी कुणी बघितलेला नाही.” हे अगदी खरं होतं.

पण त्या निकालातून मला वेगळं काही दिसलं होतं. भगरे तालुक्यात सगळ्यांच्या माहितीचे होते, लोकांच्या रोजच्या वाटेवरचा माणूस. कांद्याचा राग त्यांच्या नावावर गोळा झाला, कारण ते नाव घराघरात आधीपासून होतं. नाशिककर बाहेरच्या माणसाला घेतच नाहीत असंही नाही. कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा नाशिकनेच त्यांना लोकसभेत बिनविरोध पाठवलं. मात्र यशवंतरावांना ओळख करून द्यावी लागत नव्हती.

भाऊंच्या कामाला सुरुवात झाली ती मतदारयादीपासून. मध्ये कधीतरी यादीच्या पुनरीक्षणात नाव वगळलं गेलं होतं. २०११ पासून अनिवासी भारतीयाला नमुना ६अ भरून गावच्या यादीत मतदार होता येतं, पण मत द्यायला विमानाने यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला अशा नोंदलेल्या सुमारे १ लाख १९ हजार मतदारांपैकी मत दिलं २,९५८ जणांनी आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. भाऊ आता गावातच राहणार होते, म्हणून आम्ही साधा नमुना ६ भरला. त्यांचा आयकरातला दर्जाही बदलत होता. आयकर कायदा वर्षातले १८२ दिवस मोजतो, माणूस निवासी की अनिवासी ते सांगतो. ते काम मी करून देऊ शकत होते. गाव मात्र वेगळं मोजतं, हे प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात समजलं.

आखातातून परतलेल्या माणसाची एक गोष्ट सोपी असते, त्याचं नागरिकत्व शाबूत असतं. तिथे चाळीस वर्षं काढली तरी ते देश सहसा आपलं नागरिकत्व देत नाहीत, त्यामुळे खिशात भारतीय पासपोर्टच राहतो. अमेरिकेत किंवा युरोपात व्यवसाय वाढवलेला माणूस बहुधा तिथला नागरिक झालेला असतो आणि त्या क्षणी आपल्या कायद्याने त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. तेलंगणातल्या वेमुलवाड्याचे चेन्नमनेनी रमेश प्राध्यापकी पेशाचे, जर्मनीत राहिलेले, चार वेळा आमदार झाले आणि त्यांच्या नागरिकत्वाचा वाद पंधरा वर्षं चालला. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते जर्मन नागरिकच असल्याचा निर्वाळा देऊन तीस लाखांचा दंड केला. अमेरिकेतून आलेले जे पक्षकार माझ्याकडे राजकारणाची गोष्ट काढतात, त्यांना मी पहिल्यांदा पासपोर्ट दाखवायला सांगते.

आखातातून परतून राजकारणात गेलेल्यांचं सर्वांत ठळक उदाहरण केरळातलं आहे. थॉमस चांडी कुवेतमध्ये व्यवसाय करून श्रीमंत झाले, कुट्टनाडमधून २००६ पासून तीनदा निवडून आले, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे तिथले आमदार म्हणून २०१७ मध्ये परिवहन मंत्री झाले. आलप्पुळातल्या आपल्या रिसॉर्टसाठी भराव टाकल्याच्या आणि जमिनीचे नियम मोडल्याच्या आरोपांवरून त्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला. धंदा आणि पद यांच्यामधली भिंत आधी बांधून घ्यायला हवी. ती नंतर बांधता येत नाही. भाऊंना मी हे उदाहरण दिलं, तेव्हा त्यांनी वही काढून लिहून घेतलं: दुबईच्या कंपनीच्या कारभारातून बाहेर पडणं, मुलाकडे सूत्रं देणं, कांद्याच्या निर्यातीत आपलं नाव कुठेही न राहणं. ते त्यांनी खरोखर केलंही.

२०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २९ ऑक्टोबर अर्जाचा शेवटचा दिवस आणि त्यातच दिवाळी सुरू होत होती. वसुबारसेच्या आसपास संध्याकाळी भाऊ आणि वहिनी माझ्याकडे शपथपत्र भरायला बसले. नमुना २६. उमेदवाराची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, गुन्हे, शिक्षण, पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं. २०१९ पासून परदेशातली मालमत्ताही तपशिलाने लिहावी लागते. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर निरंक लिहायचं, कारण मोकळ्या रकान्यावर अर्ज बाद होऊ शकतो.

आम्ही एकेक ओळ घेत गेलो. दुबईच्या बँकेतल्या ठेवी, कंपनीतले शेअर, शारजातला फ्लॅट, गोदामाचा भाडेकरार, त्यावरचं कर्ज. दिरहमचा त्या दिवशीचा दर लावून मी रुपयांत आकडा मांडत होते. मग गावची वडिलोपार्जित जमीन, गट नंबर आणि क्षेत्र. वहिनींचं सोनं, तोळ्यात सांगितलेलं, ग्रॅममध्ये लिहिलेलं. खाली बेरीज आली तेव्हा भाऊंनी कागद उचलला आणि बराच वेळ बघत राहिले.

“ताई, एवढं सगळं लिहायचंच का?”

“सगळं.”

“अर्ज भरला की संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर येईल हे.”

“यावं म्हणूनच आहे तो कागद, भाऊ.”

वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “लिहा हो. पेट्या उचलून मिळवलंय, कुणाचं लुबाडलेलं नाही.”

ही माहिती मतदाराचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, म्हणून हे शपथपत्र आज आहे. देशातले अनेक उमेदवार अशा कागदावर मोठे आकडे लिहितात. २०२४ मध्येच गुंटूरहून निवडून आलेले पेम्मसानी चंद्रशेखर, अमेरिकेत वैद्यकीय परीक्षांच्या तयारीचा व्यवसाय उभारलेले डॉक्टर, यांनी कुटुंबाची सुमारे ५,७०० कोटींची मालमत्ता दाखवली आणि पहिल्याच फटक्यात केंद्रात राज्यमंत्री झाले. पण त्यांच्यामागे एका मोठ्या प्रादेशिक पक्षाची पूर्ण यंत्रणा होती. भाऊंच्या मागे चुलतभाऊ आणि शाळेतले मित्र होते.

आकडा गावात पोचला आणि प्रचाराचा रंगच बदलला. लोक कांद्यावर बोलायचे थांबले. सप्ताहाला मंडप, मंदिराला कळस, कबड्डीच्या संघाला किट, कुणाच्या ट्रॅक्टरचा हप्ता, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं जेवण. उन्हाळ्यात एकाच विहिरीला पाणी असावं आणि सगळ्या गावाने पोहरे घेऊन तिथेच यावं, तसं झालं. माझ्या वहीत यातलं काहीच बसत नव्हतं, कारण यातलं बहुतेक आचारसंहितेत लाच ठरतं. मी नाही म्हणायची, भाऊ नाही म्हणायचे आणि नाही ऐकलेला माणूस बाहेर जाऊन सांगायचा की एवढे कोटी आहेत, पण हात सुटत नाही.

हिशेबाची त्यांची सवय मला फार आवडायची. दुबईत २०१८ पासून व्हॅट लागला, त्या शिस्तीत तयार झालेला माणूस. बिलाशिवाय पैसा हलवायचे नाहीत. विधानसभेची खर्चमर्यादा चाळीस लाख, आणि खुर्ची, मंडप, चहा, वडापाव, गाडी या सगळ्यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं. तुम्ही स्वस्तात आणलं म्हणालात तरी निरीक्षकांच्या शॅडो रजिस्टरमध्ये त्यांचा दर लागतो. भाऊंची वही आणि शॅडो रजिस्टर जुळायचं, हे मी फार कमी उमेदवारांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यांच्या एका परदेशी भागीदाराने प्रचारासाठी मदत देऊ केली, तेव्हा परकीय योगदानाचा कायदा उमेदवाराला ते घेऊ देत नाही हे मी सांगायच्या आधीच त्यांनी नकार कळवला होता.

पण तीच शिस्त गावात उलटी पडली. गाड्यांसाठी त्यांनी तीन ठिकाणचे दर मागवले आणि सगळ्यात कमी दर शहरातल्या ट्रॅव्हल्सचा आला, तो घेतला. गावातल्या टेम्पोवाल्याचं मन दुखावलं. तो त्यांच्याच वर्गातला. “मला विचारलं असतं तर डिझेलवर फिरवला असता,” असं तो पारावर बोलला. मंडपवाल्याला आगाऊ रकमेची पावती मागितली, तर त्याला ते अविश्वासाचं वाटलं. धंद्यात ज्याला चोख म्हणतात, तेच नात्यात परकं वाटू शकतं. दोष यात कुणाचा आहे असं मला वाटत नाही. टेम्पोवाला वीस वर्षं प्रत्येकाच्या अडीनडीला गाडी काढत आलेला होता आणि त्या व्यवहाराला कधीच पावती नव्हती.

एका वस्तीवर भाऊंच्या वडिलांचे चुलतभाऊ, आप्पा, बाजेवर बसले होते. मी त्या दिवशी बिलांच्या फाइलसाठी बरोबर गेले होते. भाऊ पाया पडले, कांद्याचं सांगायला लागले. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझं सगळं बरोबर आहे रे. पण रंगनाथ गेला तेव्हा तू दहाव्यालाही आला नव्हतास.” भाऊंनी त्या वेळी बंदरावर अडकलेल्या मालाचं कारण सांगितलं नाही. मान खाली घालून म्हणाले, “नव्हतो आलो, आप्पा.” मला त्यांचा त्या क्षणी फार आदर वाटला.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. भाऊ हरले, अनामतही गेली. मी तीस दिवसांच्या आत हिशेब दाखल केला आणि पोचपावती त्यांच्या हातात दिली.

त्या पोचपावतीच्या वेळी त्यांनी श्री ठाणेदारांचा विषय काढला. ‘ही ‘श्री’ची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन भाऊंनी दुबईत असताना वाचलेलं, त्यांच्या मुलानेही वाचलेलं. मराठी घरांतून हे पुस्तक उद्योजकाची गोष्ट म्हणून वाचलं जातं. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात ओढगस्तीत वाढलेला मुलगा, १९७९ मध्ये अमेरिकेत जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट करतो, १९९१ मध्ये ७५ हजार डॉलरला एक छोटी प्रयोगशाळा विकत घेतो, तिचा मोठा उद्योग करतो. पुढे २०१० च्या सुमारास मंदीत त्याने सगळं बँकेकडे गमावलं आणि मिशिगनमध्ये पुन्हा नव्याने कंपनी उभी केली. त्यापुढची ठाणेदारांची गोष्ट मराठीत तेवढी वाचली गेली नाही, आणि भाऊंच्या कामाची तीच होती.

२०१८ मध्ये ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले, राज्यभर जाहिराती केल्या. मतं मिळाली दोन लाख, साधारण अठरा टक्के, आणि नंबर तिसरा. हिशेबनीस म्हणून मी भागाकार करून पाहिला, तर एका मताला पन्नास डॉलर पडले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ते डेट्रॉइटमध्ये राहायला गेले, राज्याच्या सर्वोच्च पदावरून नजर काढून २०२० मध्ये राज्य विधिमंडळातली त्या शहरातली एक जागा लढवली आणि जिंकली. तिथून २०२२ मध्ये नऊ उमेदवारांच्या प्राथमिक लढतीत सुमारे २८ टक्के मतं घेऊन पुढे आले आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली आणि ती मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेलं शहर. ठाणेदारांच्या विजयाने सुमारे सात दशकांत प्रथमच त्या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. पैशाच्या जोरावर आमची जागा घेतली, असं तिथल्या लोकांनी म्हटलं. आप्पांच्या बाजेपाशी निघालेला प्रश्न तिथेही होताच. तुम्ही आमच्यात किती वर्षं काढलीत? ठाणेदारांच्या बाबतीत तो मायदेशात नव्हता, आणि मायदेशात तर कायद्याने त्यांना उभंही राहता आलं नसतं. भाऊ स्वतःच्याच गावात उभे होते, तरी प्रश्न तोच आला.

मी भाऊंना आणखी एक नाव सांगितलं, दादाभाई नौरोजी. शाळेत आपण त्यांना पितामह म्हणून पाठ करतो आणि ते व्यापारी होते हे विसरून जातो. १८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले, इंग्लंडमधली ही पहिली हिंदी पेढी मानली जाते. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली, कापसाचा व्यापार केला. मायदेशी येऊन बडोद्याचे दिवाण झाले, मुंबई महापालिकेत गेले, १८८५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात आणि १८८६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी ब्रिटिश संसदेत निवडून आले. पण दादाभाईंनी पेढीतून राजकारणात आणलेली खरी पुंजी पैशाची नव्हती, पेढीतल्या पैशाचे तर चढउतार झाले. त्यांनी आणली ती खातं वाचायची नजर. हिंदुस्थान दरवर्षी जेवढा माल बाहेर पाठवतो त्यापेक्षा कमी माल आत येतो आणि मधल्या फरकाचा मोबदला कुठेच जमा होत नाही, हे त्यांनी आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून दाखवलं. माणशी वार्षिक उत्पन्न काढलं, ते आलं वीस रुपये. संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मला सी.ए. म्हणून वाचताना एका जागरूक व्यापाऱ्याने देशाच्या खातेवहीवर केलेला लेखापरीक्षणाचा शेरा वाटतो. 

भाऊंकडे ही नजर आहे. दुबईचा घाऊक दर, जहाजाचं भाडं, लासलगावचा लिलाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा रुपया, ही साखळी ते अर्ध्या मिनिटात कागदावर मांडतात. आमदारकीच्या प्रचारात ती कुणाला दिसली नाही, कारण लोक त्यांच्या शपथपत्राची बेरीज बघत होते.

ते दुबईला परत गेले नाहीत. घरच्यांचा आग्रह होता, मुलाने तिकडचं सगळं सांभाळलं होतं, तरी गेले नाहीत. मळा स्वतः बघायला लागले. पहाटे निघून दहाव्याला, तेराव्याला, साखरपुड्याला हजर. पुढे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची निवडणूक आली. आपल्या जिल्ह्याचं राजकारण बाहेरून बघणाऱ्याला विधानसभा दिसते. आतून ते सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना, मविप्र ही शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँक या पायऱ्यांनी चालतं. सोसायटीच्या ठरावावर पुढची बरीच मतं ठरतात. तिथे भाऊंपुढे अडचण आली की बहुतेक जागा कर्जदार सभासदांसाठी आणि त्यांच्यावर सोसायटीचं कर्जच नाही. एवढा मोठा माणूस, पण उभा राहू शकत होता फक्त बिगरकर्जदार गटातून, तिथे एकच जागा. ती त्यांनी लढवली. खर्चाची वही लागलीच नाही. त्या टेम्पोवाल्याने सभासदांना मतदानाला आणलं, डिझेलही स्वतःचंच घातलं.

संचालक झाल्यावर पहिल्या सभेत त्यांनी थकबाकीची यादी आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले. गटसचिवांनी कपाटातून काढून दिले. दोषदुरुस्ती अहवाल काही वर्षं गेलेलेच नव्हते. भाऊ रोज दुपारी सोसायटीच्या गोदामातल्या टेबलावर बसून कीर्द आणि खतावणी वाचायचे, आणि अडलं की मला फोन. तिथे त्यांना एक गोष्ट सापडली. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की शेतकऱ्याला व्याज पडत नाही. काही सभासदांनी मार्चअखेरीच्या आत पैसे भरले होते, त्यांच्याकडे पावत्या होत्या, पण नोंद एप्रिलची पडली होती. ती माणसं कागदावर थकबाकीदार झाली आणि त्यांची सवलत गेली. रकमा लहान होत्या, कुणाच्या चार हजार, कुणाच्या सात. भाऊंच्या दुकानात एका दुपारी तेवढा गल्ला जमत असेल. तरी मला सांगताना त्यांचा आवाज चढला होता: “ताई, हा माणूस वेळेत पैसे भरून थकबाकीदार ठरलाय. दुबईत माझ्या बाबतीत हे झालं असतं तर मी वकील लावला असता. इथे आप्पांना कळलंसुद्धा नाही.” यादीत आप्पांचंही नाव होतं.

मग लोक आपणहून यायला लागले. पासबुक, पावत्या, सात-बारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या. हिशेबपट्टीत हमाली, तोलाई किती कापली, वजन किती धरलं, हे भाऊ पेन्सिलीने खूण करून समजावतात. आता त्यांच्याकडे मंदिराच्या कळसासाठी कुणी येत नाही.

जिल्हा परिषदेचं बोलणं गटात सुरू झालं आहे. दोन पक्षांची माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन गेली. भाऊंनी मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की उभं राहायचं तर राहा, वही मी लिहीन, पण आधी या सवलतीच्या प्रकरणांचा निकाल लागू द्या. त्यांचंही तेच मत होतं. सध्या सभासदांच्या पावत्यांच्या झेरॉक्स माझ्या ऑफिसमध्ये येताहेत. माझी असिस्टंट एकेका पावतीची तारीख खतावणीतल्या नोंदीशी ताडून तक्ता करते आहे आणि राहिलेले दोषदुरुस्ती अहवालही सोबत तयार होताहेत. तक्ता पूर्ण झाला की सोसायटीचा ठराव जोडून प्रस्ताव सहायक निबंधकांकडे जाईल. आप्पांची पावती अजून सापडलेली नाही. ती शोधायला भाऊ उद्या पुन्हा वस्तीवर जाणार आहेत.